एकभुज नाविक मेजर पॉवेल

सुटी लागली की पाय घरात ठरत नाहीत. कोणी गड चढतो, कोणी रान धुंडाळतो, तर कोणी नदीचा काठ धरून चालू लागतो. आमच्या बेळगावकडील ज्या विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात गोकाकचा धबधबा पाहिला आहे, त्यांना घळई म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावयास नको. घटप्रभा तेथे सुमारे १७० फूट उंचीच्या कड्यावरून खाली उडी घेते आणि खडकांच्या दोन भिंतींमधून पुढे निघून जाते. काठावरून खाली डोकावणाऱ्याच्या मनात त्या वेळी सहज प्रश्न येतो : ही नदी पुढे कोठून कशी जात असेल? दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका अमेरिकन शिक्षकाने हाच प्रश्न एका फार मोठ्या नदीविषयी स्वतःला विचारला आणि होडीत बसून त्याचे उत्तर आणले. त्या शिक्षकाला उजवा हात नव्हता. त्याचे नाव जॉन वेस्ली पॉवेल.

ती नदी म्हणजे कोलोरॅडो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या पठारातून वाहताना तिने जी प्रचंड घळई खोदली आहे, तिला ग्रँड कॅन्यन म्हणतात. ही घळई २७७ मैल लांब, एक मैलाहून अधिक खोल आणि काही ठिकाणी १८ मैल रुंद आहे. आज दरवर्षी हजारो हौशी प्रवासी सुटी घालवण्यासाठी रबरी तराफ्यांतून व होड्यांतून ही घळई पार करतात. वाटाड्यांपाशी प्रत्येक वळणाची माहिती असते आणि शिध्याची ददात नसते. परंतु १८६९ पर्यंत अमेरिकेच्या नकाशावर या भागात जवळजवळ कोरी जागा होती. कड्यांच्या आश्रयाने हजारो वर्षे राहत आलेल्या आदिवासी जमातींना त्या मुलखातील वाटा व पाणवठे ठाऊक होते. पण नदीच्या पात्रातून अखेरपर्यंत गेलेल्या कोणाचीही विश्वसनीय नोंद नव्हती. नदी मध्येच जमिनीच्या पोटात शिरते, वाटेत मोठमोठे धबधबे आहेत, अशा नाना वदंता मात्र होत्या.

पॉवेलचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील माउंट मॉरिस या गावी झाला. त्याचे वडील इंग्लंडमधून आलेले धर्मोपदेशक होते. त्या काळी अमेरिकेत गुलामगिरीची चाल होती आणि वडील तिच्याविरुद्ध उघडपणे बोलत. हे कुटुंब ओहायो राज्यातील जॅक्सन गावी राहावयास गेले, तेव्हा वडिलांच्या मतांचे प्रायश्चित्त मुलाला भोगावे लागले. शाळेतील मुले लहानग्या जॉनवर दगड फेकू लागली. शेवटी त्याला शाळेतून काढावे लागले. पण या आपत्तीतूनच त्याचे भाग्य उदयास आले. शेजारी जॉर्ज क्रूकम नावाचा एक वयस्क शेतकरी होता. त्याच्या घरी ग्रंथसंग्रह होता, आणि दगड, वनस्पती व प्राणी यांचे नमुनेही त्याने जमवले होते. त्याने जॉनला आपल्याबरोबर रानात नेले आणि दिसेल ती वस्तू उचलून नीट पाहावयास शिकवले. पुस्तक आणि रान या दोन्ही शाळा त्या मुलाला एकदमच लाभल्या.

पुढे कुटुंब आणखी पश्चिमेकडे सरकले. वडील उपदेशासाठी गावोगाव हिंडत आणि बारा वर्षांचा जॉन शेत सांभाळी. सवड मिळेल तसे शिकावे, शिकवून चार पैसे मिळवावेत आणि पुन्हा शिकावयास जावे, असा क्रम त्याने चालवला. तीन महाविद्यालयांत तो शिकला. पदवी मात्र एकाही ठिकाणी पुरी झाली नाही. नद्यांचे वेड त्याला याच वयात लागले. १८५६ साली तो एकटाच होडीतून मिसिसिपी नदीने समुद्रापर्यंत गेला. पुढल्या वर्षी त्याने ओहायो नदी वल्हवली आणि त्याच्या पुढल्या वर्षी इलिनॉय. वाटेत थांबून शिंपले गोळा करावेत, खडक पाहावेत आणि वहीत टिपण करावे, हा त्याचा सुटीतील विरंगुळा होता.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरीच्या प्रश्नावर दगड खाल्लेला हा तरुण उत्तरेच्या सैन्यात दाखल झाला. त्याच वर्षी एमा डीन हिच्याशी त्याचा विवाह झाला. ६ एप्रिल १८६२ रोजी शायलोच्या रणभूमीवर तोफा डागण्याची खूण करण्यासाठी त्याने उजवा हात वर केला आणि गोळी त्या हातात शिरली. हात कोपराखाली कापावा लागला. जखम बरी झाली, तरी उरलेला भाग त्याला पुढेही पुष्कळ वर्षे वेदना देत राहिला. असे असूनही तो पुन्हा सैन्यात रुजू झाला. व्हिक्सबर्गच्या वेढ्यात खंदक खणताना निघालेले जीवाश्म त्याने जपून ठेवले. युद्ध संपले तेव्हा तो मेजर होता आणि ते नाव त्याला जन्मभर चिकटले.

युद्धानंतर तो इलिनॉयमध्ये भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक झाला. वर्गात बसून खडक शिकवणे त्याला पटेना. १८६७ व १८६८ च्या उन्हाळ्यात तो विद्यार्थ्यांना घेऊन रॉकी पर्वतात गेला. एमाही बरोबर होती. तेथील शिखरांवरून त्याने कोलोरॅडो नदीला मिळणारे पाणी पाहिले आणि त्या पाण्यामागून जाण्याचा निश्चय केला. पुढचा हिवाळा त्याने पर्वतातच काढला आणि शेजारी उतरलेल्या यूट लोकांची भाषा शिकण्याचा उद्योग आरंभिला.

२४ मे १८६९ रोजी वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर स्थानकापासून चार होड्या पाण्यात लोटल्या गेल्या. दोनच आठवड्यांपूर्वी अमेरिकेच्या दोन टोकांना जोडणारा रेल्वेमार्ग पुरा झाला होता. त्याच मार्गाने शिकागोहून या होड्या आल्या होत्या. तीन होड्या ओक लाकडाच्या, एकवीस फूट लांबीच्या होत्या. चौथी देवदारी लाकडाची, लहान व हलकी होती आणि तिचे नाव पत्नीच्या नावावरून एमा डीन ठेवले होते. पॉवेल धरून एकंदर दहा माणसे होती. त्यांत त्याचा धाकटा भाऊ वॉल्टर होता. बाकीचे शिकारी, माजी सैनिक आणि साहसी तरुण होते. अशा नदीत होडी हाकण्याचा अनुभव त्यांच्यापैकी कोणालाच नव्हता. शिधा दहा महिन्यांचा घेतला होता.

येथे पॉवेलची रीत सांगितली पाहिजे, कारण त्याच्या साऱ्या आयुष्याची किल्ली तीत आहे. नदी जेथे खडकांवरून फेसाळत, उसळत खाली उतरते, तेथे मोठा खळाळ होतो. दुरून त्याचा घोष ऐकू येई. पण होडीत बसलेल्याला पुढचे काही दिसत नसे. अशा वेळी एमा डीन पुढे जाऊन काठाला लागे आणि निशाण दाखवून मागच्या होड्यांना थांबवी. मग पॉवेल खाली उतरे, दगडांवरून चढून जाई आणि पाणी कोठे कसे वळते ते निरखून पाही. वाट बरी दिसली तर होड्या सोडावयाच्या. बरी नसली तर काठावरून दोर धरून रिकाम्या होड्या हळूहळू उतरवावयाच्या. तेही जमण्यासारखे नसेल, तर सामान आणि होड्या खांद्यांवर वाहून न्यावयाच्या. हे काम कंटाळवाणे, हाडे खिळखिळी करणारे होते. सोबत्यांना त्याच्या या सावधपणाचा राग येई. पण नदी पाहिल्यावाचून तिच्यात उतरावयाचे नाही, हा नियम त्याने सहसा मोडला नाही.

या सावधपणाचे मोल लवकरच कळले. जून महिन्यात लोडोरच्या घळईत एका होडीला थांबण्याची खूण वेळेवर उमगली नाही. ती प्रवाहात ओढली गेली आणि खडकावर आपटून तिचे तुकडे झाले. तिच्यातील तिन्ही माणसे महत्प्रयासाने वाचली. पण पुष्कळ शिधा आणि कपडे गेले. वायुभारमापक यंत्रेही गेली असे वाटले होते. त्यांच्यावाचून उंची मोजता येणार नव्हती, म्हणून पॉवेलचा जीव त्यांच्यासाठी तळमळत होता. दुसऱ्या दिवशी होडीचा एक तुकडा खडकात अडकलेला आढळला. दोघे जण जिवावर उदार होऊन तेथवर गेले आणि यंत्रे घेऊन परतले. पुढे एकदा चुलीच्या जाळाने छावणीच पेटली आणि स्वयंपाकाची भांडी नदीत गेली. जुलैच्या आरंभी एक सोबती रामराम ठोकून निघून गेला. उरले नऊ.

एका हाताने कडे चढण्याचा पॉवेलचा परिपाठ मात्र चालूच होता. दररोज उंची मोजावी, आकाशातील ग्रहताऱ्यांवरून स्थान ठरवावे, खडकांचे थर उतरून घ्यावेत, हे काम त्याने चुकवले नाही. असाच एकदा चढत असता तो अशा जागी अडकला की, हात सुटला तर खाली पडावे आणि वर जावे तर आधार नाही. बरोबरचा ब्रॅडली वरच्या कपारीवर पोहोचला होता. पण त्याच्यापाशी दोर नव्हता. त्याने झटकन आपली आतली लांब तुमान काढून खाली सोडली. पॉवेलने खडकावरचा हात सोडून ती पकडली आणि तो वर ओढला गेला. आज हे वाचताना हसू येते. पण त्या क्षणी एकच हात असलेल्या माणसाला तो हातही सोडावा लागला होता, हे विसरता कामा नये.

इकडे वर्तमानपत्रांत सारी तुकडी बुडाल्याची बातमी आली. आपण एकटेच वाचलो, असे सांगणारा एक भामटा गावोगाव सहानुभूती मिळवीत हिंडू लागला. एमाने त्याची कथा तपासून दाखवून दिले की, त्या नावाचा कोणी मनुष्य तुकडीत नव्हताच. पाहिल्यावाचून विश्वासावयाचे नाही, हा गुण पतिपत्नी दोघांतही सारखाच होता असे दिसते.

ऑगस्टच्या मध्यास ते ग्रँड कॅन्यनच्या गाभ्यात शिरले. दोन्ही बाजूंना काळ्या, कठीण खडकाच्या भिंती होत्या. होड्या गळू लागल्या होत्या. खारवलेले मांस सडले होते आणि पीठ बुरसले होते. शेवटी पीठ, थोडी सुकवलेली सफरचंदे आणि कॉफी एवढाच शिधा उरला. अशा भुकेच्या दिवसांत त्यांना स्वच्छ पाण्याचा एक झरा लागला. त्याला पॉवेलने तेजस्वी देवदूताचे नाव दिले. ब्राइट एंजल या नावाने तो आजही ओळखला जातो.

२७ ऑगस्टला ते अशा एका खळाळापाशी आले की, तो पाहून सर्वांचे धैर्य खचले. दोर धरून चालावयास काठ नव्हता आणि होड्या वाहून न्यावयास वाट नव्हती. संध्याकाळी ओरॅमल हाउलंडने पॉवेलला बाजूला घेऊन सांगितले की, आपण, आपला भाऊ सेनेका आणि विल्यम डन यांनी नदी सोडून कडा चढून जाण्याचे ठरवले आहे. पॉवेलने आपले मोजमाप पुन्हा तपासले. व्हर्जिन नदीचा संगम सरळ रेषेत सुमारे ४५ मैलांवर असावा, असा हिशेब निघाला. तेथे वस्ती मिळण्याची आशा होती. त्या रात्री तो झोपला नाही. नदीकाठच्या वाळूत येरझारा घालीत तो विचार करीत राहिला. हा हिशेब चुकला तर पाच-सहा दिवसांच्या पिठावर नऊ जिवांचे काय होईल? आणि मोजणी अखेरपर्यंत आली असता आता परतावे काय? पहाट होण्यापूर्वी त्याचा निश्चय झाला : पुढे जावयाचे.

सकाळी तिघे निघाले. भांडण झाले नाही. बंदुका आणि नोंदींच्या कागदांचा एक भाग त्यांच्याबरोबर दिला गेला. पॉवेलने पत्नीसाठी पत्र दिले. दुसऱ्या एकाने आपले घड्याळ बहिणीकडे पोहोचवण्यासाठी सोपवले. आचाऱ्याने भाजलेल्या पोळ्या त्यांच्यासाठी खडकावर ठेवल्या. एमा डीन होडी तेथेच सोडली गेली. जाणाऱ्यांना वाटत होते की, राहणारे मृत्यूकडे चालले आहेत. राहणाऱ्यांना तेच जाणाऱ्यांविषयी वाटत होते. दोन होड्या खळाळात लोटल्या गेल्या आणि थोड्याच वेळात सुखरूप पलीकडे निघाल्या. त्यांनी बंदुकीचे बार काढून वर खूण केली व वाट पाहिली. पण ते तिघे परतले नाहीत. त्याच दिवशी आणखी एका भयंकर खळाळात ब्रॅडली होडीसह एकटाच वाहून गेला आणि तरीही वाचला. २९ ऑगस्टला भिंती संपल्या आणि मोकळे आकाश दिसले. ३० तारखेला व्हर्जिनच्या संगमावर जाळी टाकीत असलेली माणसे त्यांना भेटली. पॉवेलचा हिशेब खरा ठरला होता.

वर गेलेले तिघे मात्र कधीच परतले नाहीत. त्यांची हत्या झाली. पुढल्या वर्षी पॉवेल शस्त्रावाचून शिव्हविट्स जमातीच्या लोकांत जाऊन बसला. एका स्त्रीचा घात करणारे खाणकामकरी समजून आम्ही त्यांना मारले, असे त्यांनी त्याला सांगितले. हे वृत्त पूर्ण खरे की नाही, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. पॉवेलने सूड घेतला नाही. त्या तिघांना पळपुटे म्हणणे हा आमच्या मते अन्याय आहे. तीन महिने त्यांनी तीच वल्ही मारली होती आणि तीच भूक सोसली होती. दक्षिण काठावर पुढे पॉवेलचे जे स्मारक उभारले गेले, त्यावर त्या तिघांची नावे कोरली गेली नाहीत, ही खेदाची गोष्ट होय.

१८७१-७२ मध्ये पॉवेल पुन्हा त्या नदीवर गेला. या खेपेस छायाचित्रकार आणि नकाशे करणारे लोक बरोबर होते आणि होडीवर त्याच्यासाठी एक खुर्ची बांधली होती. १८७५ साली त्याचे प्रवासवृत्त निघाले व ते फार गाजले. पण त्यात त्याने दोन्ही सफरींतील गोष्टी एकाच सफरीच्या म्हणून सांगितल्या आणि दुसऱ्या खेपेच्या सोबत्यांचा उल्लेखच केला नाही. मोजमापात इतका काटेकोर असलेला मनुष्य या ठिकाणी उणा पडला, हे नमूद करणे आम्हांला भाग आहे.

त्याच ग्रंथात एक मोठी कल्पना आहे. नदी डोंगर फोडून कशी जाते? पॉवेलने उत्तर दिले की, नदी आधीची आणि डोंगर नंतरचा. लाकूड फिरत्या करवतीवर हळूहळू सरकवले तर करवत जागच्या जागी राहून ते कापते. तसा भूभाग सावकाश वर उचलला जातो आणि त्यावरून वाहणारी जुनी नदी त्याला चिरत राहते. पॉवेलने ही कल्पना ज्या पर्वताला लावली, त्याविषयी पुढील शास्त्रज्ञांचे मत पालटले. परंतु कल्पना टिकली. सिंधू, सतलज व ब्रह्मपुत्रा या नद्या हिमालयाहून जुन्या आहेत, असे भूगोलात शिकवतात, ते याच विचाराने.

१८७८ साली पॉवेलने पश्चिमेच्या कोरड्या मुलखाविषयी सरकारला अहवाल सादर केला. आमच्या मते त्याच्या आयुष्यातील खरी कसोटी येथे लागली. जेथे वर्षाला वीस इंचांहून कमी पाऊस पडतो, तेथे पाटाच्या पाण्यावाचून शेती भरवशाची नाही, असे त्याने सांगितले. सरकार प्रत्येक कुटुंबाला १६० एकर जमीन देत होते; कोरड्या कुरणावर तेवढ्यात कोणाचा निभाव लागणार नाही, हे त्याने आकड्यांनी दाखवले. एका नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांनी आपल्या पाण्याची व्यवस्था एकत्र बसून ठरवावी, अशी त्याची सूचना होती. कृष्णेचे पाणी अनेक राज्यांत वाटून घेणाऱ्या आमच्या भागातील वाचकांना या सूचनेचे मर्म लवकर कळेल.

१८८१ पासून १८९४ पर्यंत तो अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचा प्रमुख होता. आधी पाणी मोजू, मग जमीन वाटू, असा त्याचा आग्रह होता. जमिनीच्या व्यापाऱ्यांना आणि उतावळ्या पुढाऱ्यांना हा उशीर खपेना. १८९० मध्ये त्याच्या मोजणीचा पैसा तोडण्यात आला. १८९३ साली लॉस एंजेलिस येथील पाटबंधाऱ्यांच्या परिषदेत त्याने स्पष्ट सांगितले की, इतक्या जमिनीला पुरेल एवढे पाणी या मुलखात नाही. सभेने त्याची हुर्यो केली. लहानपणी ज्याने दगड झेलले होते, त्याला म्हातारपणी हेही ऐकावे लागले. २३ सप्टेंबर १९०२ रोजी मेन राज्यातील हेवन या गावी त्याचे निधन झाले.

त्याच्यामागे १९२२ साली कोलोरॅडोचे पाणी राज्याराज्यांत वाटले गेले, ते नेमक्या अधिक पावसाच्या वर्षांचे आकडे धरून. १९३० नंतरच्या दशकात कोरड्या मैदानांवर धुळीची वादळे उठली आणि हजारो शेतकरी देशोधडीला लागले. नदीवर प्रचंड धरणे झाली. ज्या खळाळापाशी ते तिघे वेगळे झाले, तो धरणाच्या पाण्याखाली गेला. १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यनची घळई अडवून जो जलाशय करण्यात आला, त्याला पॉवेलचेच नाव दिले गेले. २०२२ साली तो जलाशय इतका आटला की, भरल्यापासूनची सर्वांत खालची पातळी त्याने गाठली. बुडालेल्या घळईच्या भिंती पुन्हा उघड्या पडल्या. नदीचे पाणी तर पुष्कळ वर्षे समुद्रापर्यंत पोहोचतच नाही.

विद्यार्थिमित्रहो, साहस म्हणजे डोळे मिटून प्रवाहात उडी घेणे, अशी पुष्कळांची समजूत असते. पॉवेलने होडी काठाला लावली, खाली उतरून पाणी पाहिले, आणि मगच वल्हे उचलले. नदीने त्याचा हा हिशेब मानला. माणसांनी मानला नाही. तुम्ही या सुटीत एखाद्या घळईच्या काठी गेलात, तर तिची खोली अजमावा, खडकांचे थर मोजा, पाणी गेल्या वर्षी कोठवर चढले होते त्याची खूण शोधा आणि वहीत लिहून ठेवा. ज्याला आपल्या नदीचे पाणी मोजता येते, त्याच्या शब्दाला आज ना उद्या किंमत येते. आणि ती उद्याऐवजी आजच यावी, एवढे आपल्या हाती आहे.